गावच्या घराला इंटरनेटवर पक्कं नाव: डायनॅमिक डीएनएस लावण्याची सविस्तर पद्धत

गणपती आणि मे महिना सोडला तर कुलूप लागलेलं घर, मागे हापूसची कलमं, बागेत कॅमेरे, विहिरीवर वायफायच्या स्विचवर चालणारा पंप. आणि हे सगळं डोंबिवलीत बसून बघायचं, चालवायचं. कोकणात ही गरज आता नवलाईची राहिलेली नाही. फायबर बऱ्याच वाड्यांपर्यंत पोहोचला आणि त्याच्या मागोमाग एक दुखणंही आलं: गावच्या राउटरचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा नंबर, बदलत राहतो. लाईट गेली, राउटर बंद पडून परत चालू झाला की कंपनी बहुतेक वेळा नवा पत्ता देते. काल ज्या नंबरावर तुमचं घर होतं त्यावर आज भलत्याच कोणाचं तरी असतं. डायनॅमिक डीएनएस म्हणजे या बदलत्या नंबरावर एक न बदलणारं नाव लावून ठेवायचं. नंबर बदलला की घरातलंच एखादं यंत्र त्या नावाच्या नोंदीत नवा नंबर भरतं. बस, एवढंच.

नाव लावायचं काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे. लोक अडकतात ते त्याच्या आधी आणि नंतर. आधीचा प्रश्न असा, की तुमच्या राउटरपर्यंत बाहेरून मुळात कोणी पोहोचू शकतं का? नंतरचा असा, की पोहोचू शकत असेल तर त्याला काय काय उघडं सापडणार आहे? या लेखात भर या दोन प्रश्नांवर आहे.

एक सल्ला सुरुवातीलाच देतो. फक्त कॅमेरे बघायचे असतील तर डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याच्या) कंपनीचं अ‍ॅप पुरतं, या भानगडीत पडू नका. त्या पद्धतीत डीव्हीआर स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरला जोडला जातो, तुमचा मोबाइलही तिथेच जातो आणि दोघांची गाठ पडते. पत्ता बदलला तरी काही बिघडत नाही. मात्र सगळं त्या कंपनीच्या मर्जीवर चालतं आणि तिने सेवा गुंडाळली की विषय संपला. कॅमेरे, पंपाचा स्विच, फोटो-कागदपत्रं ठेवलेला जुना कॉम्प्युटर, राउटरचं स्वतःचं पान, असं सगळंच एका वाटेने हाताशी हवं असेल तर पुढे वाचा.

आधी दोन नंबर ताडून बघा

हे काम गावी असतानाच करायचं, आणि निघायला निदान दोन-तीन दिवस हातात असताना. मुंबईत परतल्यावर आपलाच मार्ग बंद करून बसलात तर पुढच्या शिमग्यापर्यंत थांबावं लागेल.

कशालाही हात लावण्याआधी राउटरच्या तळाच्या स्टिकरचा फोटो काढा. राउटरच्या सेटिंगमध्ये पीपीपीओई असा प्रकार दिसत असेल तर त्याचं यूजरनेम आणि पासवर्ड केबलवाल्याकडून वहीत लिहून घ्या. राउटर चुकून रिसेट झाला तर या दोन गोष्टींशिवाय नेट परत चालू होत नाही आणि केबलवाला भर पावसात चार दिवसांनी येतो.

आता मोबाइलचा डेटा बंद करा, घरच्या वायफायवर या आणि ब्राउझरमध्ये स्टिकरवरचा पत्ता टाका. बहुधा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. टाइप करताना अर्थात इंग्रजी आकडे. आत ‘स्टेटस’ नावाचं पान असतं, त्यात ‘वॅन’ (राउटरची बाहेरची बाजू) असा रकाना. तिथला आयपीव्ही४, म्हणजे टिंबांनी जोडलेल्या चार आकड्यांचा, पत्ता लिहून घ्या. हा पहिला नंबर. मग त्याच वायफायवरून गूगलला ‘माझा आयपी काय’ असं इंग्रजीत विचारा. दाखवेल तो दुसरा नंबर. कधीकधी गूगल आकडे आणि अक्षरं मिसळलेला, मध्ये दोन-दोन ठिपके असलेला लांबलचक पत्ता दाखवतो. तो आयपीव्ही६. तसं झालं तर दोन्ही पत्ते वेगवेगळे दाखवणारी दुसरी साइट उघडा.

दोन्ही नंबर एकच असतील तर तुमच्याकडे पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोहोचता येईल असा पत्ता, आहे. अर्धी लढाई जिंकलीत, पुढच्या भागावर जा.

वॅनचा नंबर १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल, किंवा १७२.१६ ते १७२.३१ मधला असेल, तर तुमच्या राउटरच्या पुढे आणखी एक राउटर बसलाय. बऱ्याचदा तो घरातच असतो: केबलवाल्याने बसवलेला फायबरचा डबा, ज्याला ओएनटी म्हणतात, तोही राउटरचं काम करतो आणि त्याला तुम्ही आणलेला राउटर जोडलेला असतो. अशा वेळी डब्याच्या पानावर जाऊन तिथला वॅन नंबर बघा. तो गूगलशी जुळला तर डबा ब्रिज मोडवर टाकायला सांगा, म्हणजे पत्ता थेट तुमच्या राउटरला मिळेल. किंवा आपला राउटर बाजूला ठेवून सगळं डब्यातच करा. दोन राउटर एकामागे एक ठेवून दोन्हीकडे पोर्ट (बाहेरून आत यायचं नंबर दिलेलं दार) उघडणं जमतं, पण सहा महिन्यांनी काय कुठे केलं होतं ते आठवत नाही.

आणि वॅनचा नंबर १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या गटातला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. नुसता १०० बघून घाबरू नका, दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये आहे का ते बघा. सीजीनॅट म्हणजे अख्ख्या वाडीला मिळून एकच फोन नंबर: आतून बाहेर कोणीही फोन लावू शकतं, पण बाहेरून आलेला फोन नेमका कोणत्या घरात द्यायचा ते कोणालाच ठाऊक नसतं. यामागे कंजूषपणापेक्षा टंचाई जास्त आहे. आयपीव्ही४ चे पत्ते जगभरात मिळून ४२९ कोटींच्या आसपास. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला, आणि आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाची नोंदणी संस्था एपीनिक त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आली. पुढे २०१२ मध्ये हा शंभर-चौसष्टचा गट खास याच वाटून-वापरासाठी राखून ठेवला गेला.

सीजीनॅटमागे डायनॅमिक डीएनएस लावलं तर नाव लागतं, नोंदही बरोबर होते, आणि काहीही उघडत नाही. लोक आठवडाभर पोर्टशी झटापट करत बसतात ते इथेच. म्हणून ही तपासणी सगळ्यात आधी.

सीजीनॅट निघाला तर

पहिला उपाय सरळ: कंपनीकडे पब्लिक आयपी मागा. स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, मागितला तर वेगळे पैसे लागतात. ‘बदलता असला तरी चालेल, पण पब्लिक हवा’ असं म्हटलं तर काही ठिकाणी तेवढ्यावरच काम होतं. स्टॅटिक घेतलात तर डायनॅमिक डीएनएसची गरजच उरत नाही.

दुसरा उपाय आयपीव्ही६. यात टंचाई नाही, त्यामुळे घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा खराखुरा पत्ता मिळतो, आणि पोर्ट फॉरवर्ड करण्याऐवजी (राउटरच्या दाराशी आलेली जोडणी आतल्या यंत्राकडे धाडण्याऐवजी) राउटरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरच्या जोडण्या अडवणाऱ्या राखणीत, त्या यंत्रापुरती परवानगी द्यायची असते. भारतातल्या मोठ्या मोबाइल नेटवर्कांवर आयपीव्ही६ सर्रास चालतो, त्यामुळे मुंबईत मोबाइल डेटावरून गावचं घर उघडतं. ऑफिसच्या वायफायवरून मात्र उघडेलच असं नाही, कारण दोन्ही टोकांना आयपीव्ही६ असावा लागतो. आणखी एक मेख: पत्ता राउटरचा नसून त्या यंत्राचा असल्याने नाव अद्ययावत करणारा प्रोग्रॅमही त्याच यंत्रावर चालवावा लागतो.

तिसरा उपाय टेलस्केल किंवा झीरोटियर यांसारख्या सेवांचा. यांत घरचं यंत्र स्वतः बाहेर जोडलं जातं, त्यामुळे सीजीनॅट आडवा येत नाही. टेलस्केलची घरगुती वापरासाठी मोफत योजना आहे. तिचे आतले पत्तेही १०० नेच सुरू होतात, ते बघून गोंधळू नका. पब्लिक आयपी मिळण्याची आशा नसेल तर मी वेळ न घालवता हाच मार्ग धरीन. किंबहुना पब्लिक आयपी असला तरी दुसरी वाट म्हणून तो लावून ठेवीन. त्याबद्दल शेवटी.

घरातली मांडणी आवरून घ्या

नाव घेण्याआधी दोन छोट्या गोष्टी. गावच्या घरातलं नेटवर्क १९२.१६८.१ या गटातून हलवा. कारण तुमच्या मुंबईच्या फ्लॅटमधला राउटरही बहुधा हाच गट वापरतो. दोन्हीकडे एकच गट असला की व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरायची बंदिस्त वाट) जोडल्यावर तुमचा फोन १९२.१६८.१.५० हा पत्ता फ्लॅटमध्येच शोधत बसतो. राउटरच्या ‘लॅन’ पानावर जाऊन गावचा गट १९२.१६८.७७ असा काहीतरी वेगळा करा. राउटर पुन्हा चालू होईल आणि त्याचं पान आता १९२.१६८.७७.१ वर उघडेल. यंत्रांना हाताने पत्ते दिले असतील, जसे डीव्हीआरमध्ये बऱ्याचदा दिलेले असतात, तर तेही बदलावे लागतील.

दुसरं, जे यंत्र बाहेरून येणारी जोडणी घेणार आहे त्याला घरातला कायमचा पत्ता द्या. राउटरमध्ये ‘डीएचसीपी’ खाली ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ असतं. यंत्राचा मॅक पत्ता (त्याचा कारखान्यातूनच आलेला ओळख नंबर) यादीतून निवडायचा आणि त्यापुढे १९२.१६८.७७.५० लिहायचं. हे केलं नाही तर पुढच्या वेळी लाईट गेल्यावर ५० चा ५३ होतो आणि तुम्ही उघडलेला पोर्ट टीव्हीकडे जातो.

हे यंत्र कोणतं? माझ्या मते रास्पबेरी पाय (पुढे नुसता ‘पाय’) किंवा तसाच एखादा छोटा कॉम्प्युटर उत्तम. वीज नाममात्र खातो, नाव अद्ययावत करण्याचं आणि व्हीपीएनचं अशी दोन्ही कामं त्यावर होतात. राउटरमध्येच या दोन्ही सोयी असतील तर वेगळं यंत्र लागत नाही.

नाव घेणं

मोफत सेवा बऱ्याच आहेत. नो-आयपीचं मोफत नाव दर ३० दिवसांनी ‘हो, मला हवंय’ असं कळवून टिकवावं लागतं. तसा ईमेल येतो, आपण बघू-करू म्हणतो आणि नाव जातं. म्हणून मी डकडीएनएस सुचवतो: गूगल किंवा गिटहबच्या खात्याने आत जायचं, पाच नावांपर्यंत फुकट, आणि एक लांबलचक टोकन मिळतं. ते टोकन म्हणजे तुमच्या नावाची किल्ली. स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. जुन्या डीव्हीआरच्या मेनूत डिनडीएनएस हा पर्याय दिसतो, त्याच्या नादी लागू नका. त्यांची मोफत सेवा २०१४ मध्येच बंद झाली.

नाव निवडताना आडनाव आणि गाव जोडून ठेवण्याचा मोह टाळा. पुढे कधी या नावावर एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र घेतलंत तर ते नाव सार्वजनिक नोंदवहीत कायमचं दिसतं. कंटाळवाणं, अर्थहीन नाव सगळ्यात चांगलं.

आता नोंद ताजी ठेवायची कोणी? राउटरच्या ‘डायनॅमिक डीएनएस’ पानावर तुमची सेवा असेल तर तिथेच नाव आणि पासवर्ड किंवा टोकन भरा. अडचण अशी, की राउटरमध्ये ठरावीक दोन-तीनच सेवा दिलेल्या असतात. टीपी-लिंक, आसुस यांची स्वतःची सेवाही असते, तीही चालते. यादीत तुमची सेवा नसेल तर पायवर क्रॉन नावाच्या वेळापत्रकात दर पाच मिनिटांनी डकडीएनएसची अपडेट लिंक उघडायला सांगायचं. लिंकमध्ये तीन गोष्टी असतात: नाव, टोकन आणि आयपी. आयपीची जागा रिकामी सोडा. मग समोरचा सर्व्हर जोडणी कुठून आली ते बघून स्वतःच नंबर भरतो. या रिकाम्या जागेचा एक फायदा आहे: एकामागे एक दोन राउटर असतील तर राउटरमधली सोय आपला आतलाच १९२ चा नंबर नोंदवू शकते, पाय मात्र बाहेर दिसणारा नंबर नोंदवतो. उत्तर ‘ओके’ आलं तर नोंद झाली. ‘केओ’ आलं तर नाव किंवा टोकन लिहिताना चूक झाली, बहुतेक वेळा टोकन कॉपी करताना शेवटचं अक्षर राहिलेलं असतं. नेमकी आज्ञा सेवेच्या ‘इन्स्टॉल’ पानावर तुमचं नाव आणि टोकन घालून तयार मिळते, ती जशीच्या तशी उचला.

काय उघडायचं आणि काय नाही

आता नाव घरापर्यंत पोहोचतं. इथे बहुतेक व्हिडिओ सांगतात: डीव्हीआरचे पोर्ट फॉरवर्ड करा आणि मजा करा. हे करू नका.

२१ ऑक्टोबर २०१६ ला डिन नावाच्या अमेरिकन डीएनएस कंपनीवर (साइटच्या नावावरून तिचा नंबर सांगणाऱ्या) प्रचंड हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास कोलमडल्या. हल्ला करत होते घराघरांतले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर. मिराई नावाचा प्रोग्रॅम इंटरनेटवर उघडी यंत्रं शोधायचा, साठेक ठरलेल्या यूजरनेम-पासवर्डच्या जोड्या लावून बघायचा आणि कंपनीतून आलेला पासवर्ड तसाच असेल तर आत शिरायचा. गंमत म्हणजे ही डिन तीच, जिने डिनडीएनएस चालवून लोकांना घरची यंत्रं बाहेरून उघडायला शिकवलं होतं. आणि पासवर्ड बदलला म्हणजे झालं असंही नाही. २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत अशी त्रुटी सापडली की पासवर्डशिवायच ताबा घेता येत होता.

म्हणून ८०, ५५४, ८०००, ३७७७७ हे कॅमेऱ्याचे नेहमीचे पोर्ट, २२ हा एसएसएचचा (कॉम्प्युटरला दुरून आज्ञा देण्याचा) आणि ३३८९ हा विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा, यांतला एकही बाहेर उघडायचा नाही. ८० च्या जागी ८०८० करणं म्हणजेही सुरक्षा नव्हे, शोधणारे प्रोग्रॅम सगळेच पोर्ट चाचपतात. उघडायचा फक्त एक: व्हीपीएनचा. आणि व्हीपीएनमध्ये वायरगार्ड. मार्च २०२० पासून हा लिनक्सच्या गाभ्यातच आलाय, वेगवान आहे, आणि त्याचा एक गुण घरगुती वापराला फार सोयीचा: योग्य किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही. बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे याचाच पत्ता लागत नाही.

वायरगार्डमध्ये प्रत्येक यंत्राची किल्ल्यांची जोडी असते, एक खाजगी आणि एक जाहीर. खाजगी किल्ली दुसऱ्या कोणाच्या हाती पडू द्यायची नाही. पायवर वायरगार्डला स्वतःचा वेगळा गट द्या, उदाहरणार्थ १०.७७.०.१, आणि फोनला १०.७७.०.२. पायच्या फाइलमध्ये फोनची जाहीर किल्ली, फोनच्या फाइलमध्ये पायची. फोनच्या बाजूला आणखी तीन ओळी महत्त्वाच्या. ‘एंडपॉइंट’मध्ये तुमचं डकडीएनएसचं नाव आणि त्यापुढे ५१८२०. ‘अलाउड आयपीज’मध्ये १९२.१६८.७७.० आणि १०.७७.०.० हे दोन गट, दोन्हींपुढे तिरपी रेघ देऊन २४. एवढेच दोन लिहिले की फोनचं बाकीचं नेट नेहमीच्या वाटेने जातं आणि यूट्यूब गावच्या फायबरवरून फिरून येत नाही. तिसरी ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’, तिथे २५. पायवर आयपी फॉरवर्डिंग (आलेली रहदारी पुढे धाडणं) चालू करायला आणि बाहेरून आलेल्या रहदारीला घरच्या गटात शिरताना नॅट (तिच्यावर पायचाच पत्ता घालणं) लावायला विसरू नका. नाहीतर पाय दिसतो पण डीव्हीआर दिसत नाही. होम असिस्टंट (घरातली यंत्रं एका जागेवरून चालवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर त्यात वायरगार्डचं तयार अ‍ॅड-ऑन मिळतं, तिथे हा हातचा खटाटोप बराच वाचतो. फोनवर सेटिंग टाइप करत बसू नका, क्यूआर कोड करून वायरगार्डच्या अ‍ॅपने स्कॅन करा.

मग राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगची एकच ओळ: बाहेरचा पोर्ट ५१८२०, आतला पत्ता १९२.१६८.७७.५०, आतला पोर्ट ५१८२०, प्रकार यूडीपी. टीसीपी निवडलंत तर काहीच चालणार नाही. त्याच बसण्यात राउटरमधलं यूपीएनपी बंद करा, म्हणजे घरातलं कुठलंही यंत्र तुम्हाला न विचारता पोर्ट उघडणार नाही. ‘रिमोट मॅनेजमेंट’ही बंद. राउटर आणि डीव्हीआर दोन्हींचे पासवर्ड बदला, कारण एकदा व्हीपीएनच्या आत आल्यावर पुढची राखण त्यांनाच करायचीय.

बाहेरून तपासा, घरातून नाही

घरच्या वायफायवर बसून स्वतःच्याच नावाला जोडायचा प्रयत्न केला तर बरेच राउटर तो परत आत वळवू शकत नाहीत. सेटिंग अचूक असूनही जोडणी होत नाही आणि माणूस उगाच सगळं उसकटत बसतो. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर या. कॉम्प्युटर असेल तर हॉटस्पॉटवर.

आधी नावाला पिंग करा, म्हणजे ‘आहेस का’ अशी हाक मारणारी आज्ञा द्या. उत्तर येणार नाही कदाचित, राउटर पिंगला दाद देत नसतील. बघायचं ते एवढंच की नावासमोर दिसणारा नंबर वॅनच्या नंबराशी जुळतो का. जुळला तर वायरगार्ड चालू करा आणि अ‍ॅपमध्ये ‘लेटेस्ट हँडशेक’ची वेळ येते का पाहा. आली की ब्राउझरमध्ये १९२.१६८.७७.१ टाका. गावच्या राउटरचं पान उघडलं म्हणजे जमलं. पोर्ट उघडा आहे का सांगणाऱ्या साइटवर विसंबू नका. त्या बहुतेक टीसीपीच तपासतात, त्यामुळे वायरगार्ड नीट चालू असतानाही ‘बंद’ म्हणतात.

शेवटची चाचणी कोकणी पद्धतीची: मेन स्विच पाडा. पाचेक मिनिटांनी वर करा, कशालाही हात न लावता बाहेर जाऊन थांबा. वॅनचा नंबर बदलला का? नाव नव्या नंबरावर आलं का? व्हीपीएन परत जोडला का? इथे एक गोष्ट ठाऊक असू द्या. वायरगार्ड नावाचा नंबर एकदाच, चालू करताना विचारतो. मध्येच घरचा नंबर बदलला तर तो जुन्याच नंबरावर हाका मारत राहतो. अ‍ॅपमधलं बटण बंद करून परत चालू केलं की नवा नंबर घेतो. ‘कालपासून व्हीपीएन बंद आहे’ या तक्रारीचं निम्म्या वेळा एवढंच औषध असतं.

पावसाळा, खारा वारा आणि लाईट

फायबरचा डबा, राउटर आणि पाय, तिन्ही एका बॅकअपवर हवेत. एक जरी सुटला तरी बाकीच्यांचा उपयोग नाही. इन्व्हर्टर असेल तर ठीक, पण लाईट जाताना क्षणभराच्या झटक्याने राउटर रिस्टार्ट होतो का ते बघा. होत असेल तर राउटरसाठीचा मिनी यूपीएस घ्या. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अ‍ॅम्पियर जुळवा. डबे बहुधा १२ व्होल्टचे, पाय ५ व्होल्टचा. अचानक लाईट गेल्याने पायचं मेमरी कार्ड कधीतरी खराब होतंच. सगळं चालू झालं की कार्डाची हुबेहूब प्रत काढून ती घरातच ठेवा. शेजारच्या मुलाला फोनवरून ‘हे काढ, ते घाल’ एवढं सांगता येतं.

वीज पडली तर फायबरच्या काचेतून ती येत नाही, पण काही फायबर केबलींना आधाराची तार असते, आणि माडावरच्या कॅमेऱ्याकडून येणारी लॅनची केबल तर तांब्याचीच. अर्थिंग खरंच जमिनीपर्यंत पोहोचलंय का ते वायरमनकडून तपासून घ्या. गडगडाट सुरू झाला की मृगाच्या त्या दिवसांत पिना काढून ठेवणं हाच खात्रीचा उपाय.

समुद्राजवळच्या घरांत आणखी एक शत्रू आहे. पंपघरातला लॅनचा जोड वर्षभराने उघडून बघा: आठही सोनेरी पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखा थर, मधल्या दोन तर दिसतच नाहीत. अशा जोडावर लिंक कधी लागते, कधी सुटते आणि दोष मात्र डीएनएसला दिला जातो. बाहेरचे जोड जेल भरलेले वापरा, डब्यात बंद करा, आणि केबल डब्यात खालून घुसवा म्हणजे पागोळ्यांचं पाणी तिच्यावरून आत ओघळत नाही. डब्याची भोकं बुजवा, नाहीतर पाली आणि मुंग्या ऊब शोधत येतात.

आणि काही वेळा काहीच चालत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, दापोलीकडच्या कित्येक गावांत खांब आणि तारा दोन्ही आडवे झाले होते. अशा वेळी उपयोगाची एकच माहिती: घर शेवटचं कधी जिवंत होतं. पाय दर पाच मिनिटांनी एखाद्या निगराणी सेवेला हजेरी लावेल आणि हजेरी चुकली की तुम्हाला ईमेल येईल, अशी सोय हेल्थचेक्ससारख्या सेवा मोफत देतात.

मुंबईत बसून दुरुस्ती

जोडणी तुटली की आधी नावाला पिंग. नंबर जुनाच आहे आणि हजेरीही बंद आहे, तर लाईट किंवा फायबर गेलाय, वाट बघा. हजेरी चालू आहे पण व्हीपीएन जोडत नाही, तर पोर्ट फॉरवर्डिंगची ओळ उडालीय. डबा बदलला किंवा रिसेट झाला की असं होतं. घरात कोणी असेल तर फोन करा, पण सूचना अगदी नेमक्या द्या:

‘आई, देव्हाऱ्याशेजारचा पांढरा डबा दिसतो ना? त्याची पिन बोर्डातून काढ. डब्यावरचं बटण नको दाबू.’

‘निळा लाईट लुकलुकतो तोच ना?’

‘तोच. तीस आकडे मोज आणि पिन परत घाल.’

बटण नको दाबू हे सांगावंच लागतं. त्यापेक्षा रिसेटच्या भोकावर आधीच चिकटपट्टी लावून या.

तिसरी शक्यता वाईट: कंपनीने एक दिवस न सांगता तुम्हाला सीजीनॅटमागे टाकलं. वॅनचा फोटो मागवून नंबर शंभर-चौसष्टच्या गटातला निघाला तर तेच. केबलवाल्याला ‘नेट स्लो आहे’ वगैरे सांगू नका, ‘वॅनला १०० चा आयपी येतोय, आधीसारखा पब्लिक करून द्या’ असं म्हणा. त्याचं उत्तर येईपर्यंत खोळंबा नको म्हणून त्याच पायवर पहिल्या दिवसापासून टेलस्केल घालून ठेवा. पायला सबनेट राउटर (घरातल्या बाकी यंत्रांपर्यंत वाट देणारा) करा, १९२.१६८.७७ चा गट जाहीर करा आणि टेलस्केलच्या पानावर त्याला मंजुरी द्या. राखीव म्हणून सिमकार्डवाला ४जी राउटर ठेवला असेल तर हीच वाट उपयोगी पडते, कारण सिमवर बहुधा सीजीनॅटच असतो आणि फायबर पडल्यावर डायनॅमिक डीएनएस इमानदारीने निरुपयोगी नंबर नोंदवत बसतो. एक सेटिंग मात्र लक्षात ठेवून बदला: टेलस्केलमधली यंत्राची किल्ली आपोआप १८० दिवसांनी बाद होते. गावच्या पायसमोर ‘डिसेबल की एक्सपायरी’ दाबलं नाहीत, तर मे महिन्यात लावलेलं नेमकं दिवाळीच्या सुमारास बंद पडेल, आणि ते परत चालू करायला पायजवळ कोणीतरी लागेल.